पेनिसिलिनचा जनक आणि जिवाणूंचे उत्तर

दुसरे महायुद्ध संपून जेमतेम चार महिने झाले होते. ११ डिसेंबर १९४५ रोजी स्टॉकहोममध्ये नोबेल पारितोषिकाच्या निमित्ताने व्याख्यान देण्यासाठी सर अलेक्झांडर फ्लेमिंग उभे राहिले, तेव्हा सारे जग त्यांच्या पेनिसिलिनचे गोडवे गात होते. रणांगणावरच्या असंख्य जखमी सैनिकांचे प्राण या औषधाने वाचवले होते. अशा क्षणी कोणीही विजयाचीच भाषा केली असती. फ्लेमिंग यांनी मात्र व्याख्यानाच्या अखेरीस श्रोत्यांपुढे एका काल्पनिक गृहस्थाची कथा ठेवली. या गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणतो आणि अपुऱ्या मात्रेत घेतो. घशातील जिवाणू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जिवाणू त्याच्या पत्नीकडे जातात, तिला न्यूमोनिया होतो, डॉक्टर तिला पेनिसिलिन देतात. पण आता त्याचा काही उपयोग होत नाही आणि ती दगावते. तिच्या मृत्यूला तिचा पती जबाबदार आहे, असा निर्वाळा देऊन फ्लेमिंग यांनी पेनिसिलिन वापरायचे तर पुरेसे वापरा, असे बजावले.

ज्याच्या नावे औषध ओळखले जाते, त्यानेच सन्मानाच्या व्यासपीठावरून त्या औषधाच्या पराभवाची शक्यता सांगावी, हे विलक्षणच. पण तो क्षणिक विचार नव्हता. जिवाणू बदलतात, हे फ्लेमिंग यांनी त्याआधी अनेक वर्षे आपल्या प्रयोगशाळेतील बश्यांमध्ये पाहिले होते.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात, डार्वेल गावाजवळच्या लॉकफील्ड या शेतावर झाला. वडील ह्यू फ्लेमिंग शेतकरी होते. अलेक्झांडर सात वर्षांचा असताना त्यांचे निधन झाले. आई आणि थोरल्या सावत्र भावाने शेती सांभाळली. माळरानावरून पायपीट करत शाळेत जाणारा हा मुलगा अबोल, पण नजरेचा तल्लख होता. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी तो लंडनला भावांकडे आला, पॉलिटेक्निकमध्ये शिकला आणि नंतर एका जहाज कंपनीच्या कचेरीत चार वर्षे कारकुनी करत राहिला. १९०१ साली एका काकांच्या वारशातून २५० पौंड हाती आले आणि त्याने वैद्यकीय शिक्षणाचा निर्णय घेतला.

लंडनमध्ये वैद्यकीय महाविद्यालये बरीच होती. पॅडिंग्टनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलची निवड करण्याचे कारण साधे होते. त्या महाविद्यालयाच्या संघाविरुद्ध तो वॉटर पोलो खेळला होता! पदवी मिळाल्यावर तेथेच राहण्याचे कारणही तसेच. फ्लेमिंग उत्तम नेमबाज होते आणि महाविद्यालयाच्या रायफल क्लबला हा खेळाडू गमवायचा नव्हता. म्हणून १९०६ साली त्यांना आल्मरॉथ राइट यांच्या विभागात जागा मिळवून देण्यात आली. शल्यचिकित्सक होण्याची इच्छा असलेला हा तरुण अशा रीतीने जिवाणुशास्त्रात आला आणि जवळजवळ अर्धशतक त्याच इमारतींत रमला.

राइट हे त्या काळातील मोठे प्रस्थ होते. विषमज्वराची लस त्यांच्या नावावर जमा होती. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा भारतात आलेल्या प्लेग कमिशनचेही ते सदस्य होते. रोगाशी लढण्याचे खरे सामर्थ्य शरीराच्या अंगभूत प्रतिकारशक्तीतच आहे, असे त्यांचे ठाम मत होते. रासायनिक औषधांवर त्यांचा विश्वास नव्हता. शिष्याने गुरूचा आदर केला, पण डोळे उघडे ठेवून.

पहिल्या महायुद्धाने या विचारांची कसोटी पाहिली. फ्रान्समधील बुलोन येथे एका कॅसिनोचे लष्करी रुग्णालय झाले होते आणि तेथे राइट यांच्या चमूने प्रयोगशाळा थाटली. गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी फाटलेल्या जखमा घेऊन सैनिक येत. डॉक्टर त्या जखमांत तीव्र जंतुनाशके ओतत. तरीही जखमा चिघळत, वायुकोथ होई आणि सैनिक मरत. असे का होते, हे दाखवण्यासाठी फ्लेमिंग यांनी एक साधा प्रयोग केला. काच तापवून त्यांनी टोकदार, पोकळ फाटे असलेली परीक्षानळी तयार केली. ती जणू फाटक्या जखमेची प्रतिकृतीच होती. नळीत जिवाणूंनी दूषित केलेला द्राव भरला, मग तो ओतून जंतुनाशक भरले, तेही ओतून ताजा निर्जंतुक द्राव घातला. थोड्याच वेळात तो द्राव पुन्हा जिवाणूंनी भरून गेला. फाट्यांच्या टोकांशी दडलेल्या जिवाणूंपर्यंत जंतुनाशक पोहोचतच नव्हते. शिवाय ही जंतुनाशके जिवाणूंपेक्षा रक्तातील पांढऱ्या पेशींचाच अधिक संहार करीत होती. जे मरायला हवेत ते वाचतात आणि जे वाचायला हवेत ते मरतात, हा धडा फ्लेमिंग यांच्या मनावर कायमचा कोरला गेला.

युद्धानंतर ते सेंट मेरीजमध्ये परतले. १९२१ साली, सर्दी झालेली असताना, स्वतःच्या नाकातील स्राव त्यांनी जिवाणूंच्या बशीत टाकून पाहिला. काही काळाने स्रावाभोवतीच्या जिवाणूंच्या वसाहती विरघळू लागल्या. अश्रू, लाळ, अंड्याचा पांढरा बलक या सर्वांत हा जिवाणू विरघळवणारा घटक त्यांना सापडला. अश्रू मिळवण्यासाठी सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळले जाऊ लागले! या घटकाला लायसोझाइम हे नाव मिळाले. घातक जिवाणूंवर मात्र त्याचा फारसा प्रभाव पडत नव्हता, म्हणून वैद्यकविश्वाने त्याची विशेष दखल घेतली नाही.

परंतु या संशोधनाचा एक भाग आज फार महत्त्वाचा वाटतो. १९२७ साली फ्लेमिंग आणि त्यांचे सहकारी ॲलिसन यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लायसोझाइमला दाद न देणारे जिवाणूंचे वाण कसे तयार होतात, हा त्याचा विषय होता. म्हणजे पेनिसिलिन सापडण्याच्या एक वर्ष आधीच, मारणाऱ्या द्रव्याला जिवाणू कसे पुरून उरतात, हे फ्लेमिंग यांनी प्रत्यक्ष पाहिले होते.

१९२८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या टेबलावर स्टॅफिलोकॉकस जिवाणूंच्या बश्यांचा ढीग साचला होता. पू निर्माण करणाऱ्या या जिवाणूंच्या वसाहतींचे रंग-रूप कसे बदलते, याचा ते अभ्यास करीत होते. ऑगस्टमध्ये बश्या तशाच टाकून ते कुटुंबासह सुटीवर गेले. ३ सप्टेंबर रोजी परतल्यावर टाकून द्यायच्या बश्या चाळताना एका बशीने त्यांचे लक्ष वेधले. तिच्या कडेला बुरशी उगवली होती आणि तिच्या आसपासच्या जिवाणूंच्या वसाहती विरघळून पारदर्शक झाल्या होत्या. खिडकीतून उडत आलेल्या बुरशीची गोष्ट लोकप्रिय आहे. पण ती बुरशी बहुधा खालच्याच मजल्यावरील बुरशीतज्ज्ञांच्या प्रयोगशाळेतून आली असावी. योगायोग खरा, पण लायसोझाइमने तयार केलेली नजर त्यामागे नसती, तर ती बशीही धुण्यातच गेली असती.

या बुरशीच्या द्रावाला त्यांनी मार्च १९२९ मध्ये पेनिसिलिन हे नाव दिले आणि जूनमध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, घटसर्पाचे जिवाणू यांना हा द्राव मारतो. मात्र विषमज्वराच्या गटातील जिवाणू आणि तेव्हा इन्फ्लुएन्झाचा मानला जाणारा जिवाणू त्याला मुळीच जुमानत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले. या उणिवेचाच त्यांनी उपयोगही केला. घशातील स्रावाच्या बशीत पेनिसिलिन घातले, की बाकीचे जिवाणू मरत आणि इन्फ्लुएन्झाचा जिवाणू एकटा, मोकळेपणाने वाढे. त्याला वेगळा काढण्याची ही उत्तम युक्ती होती. औषध दुबळ्यांना बाजूला सारते आणि निर्ढावलेल्यांना मैदान मोकळे करून देते, हे पुढील काळाचे सारे सूत्र त्या बशीत दिसत होते.

त्याच वर्षी, त्याच लंडनमध्ये, आणखी एक अबोल संशोधक जिवाणूंचे दुसरे रहस्य उलगडत होता. आरोग्य मंत्रालयाच्या प्रयोगशाळेतील फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी न्यूमोनियाचे निरुपद्रवी जिवंत जिवाणू आणि उष्णतेने मारलेले घातक जिवाणू एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात घातक जिवाणू जिवंत आढळले. मेलेल्या जिवाणूंकडून जिवंतांनी घातकपणा उचलला होता! जानेवारी १९२८ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. उचललेली ती वस्तू म्हणजे डीएनए, हे १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये ओस्वाल्ड एव्हरी आणि सहकाऱ्यांनी दाखवले. ग्रिफिथ तोवर हयात नव्हते. १९४१ साली लंडनवरील बॉम्बहल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला. एकाच वर्षी एकाच शहरात औषध सापडले आणि त्या औषधावर मात करणारे गुण जिवाणू एकमेकांना कसे देऊ शकतात, त्याचाही सुगावा लागला. या दोन गोष्टींचा मेळ बसायला मात्र बराच काळ जावा लागला.

फ्लेमिंग यांना पेनिसिलिन शुद्ध स्वरूपात मिळवता आले नाही. ते लवकर निष्प्रभ होई. फ्लेमिंग रसायनशास्त्रज्ञ नव्हते आणि उत्तम वक्ताही नव्हते. त्यांचे भाषण ऐकून कोणाला स्फुरण चढत नसे. सुमारे दहा वर्षे हा शोध जवळजवळ पडूनच राहिला. १९३९ मध्ये ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी हे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ आणि हिटलरच्या जर्मनीतून निघून आलेले अर्न्स्ट चेन यांनी तो हाती घेतला. नॉर्मन हीटली यांच्या कल्पक हातांनी द्रावातून औषध वेगळे काढले. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकॉकस टोचण्यात आले. त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी ते चौघेच जिवंत होते.

पुढच्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर या ऑक्सफर्डच्या पोलीस शिपायाला औषध देण्यात आले. मरणपंथाला लागलेला हा माणूस सुधारू लागला. पण औषधाचा साठाच संपला. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत मिळवून पुन्हा टोचण्यापर्यंत मजल गेली, तरी ते पुरले नाही आणि मार्च १९४१ मध्ये तो मरण पावला. अपुरे औषध म्हणजे काय, याचे इतके करुण उदाहरण दुसरे नसेल.

आणि या रुग्णाला पहिली सुई टोचण्याआधीच जिवाणूंचे उत्तर छापून आले होते. डिसेंबर १९४० मध्ये एडवर्ड अब्राहम आणि चेन यांनी जाहीर केले, की आतड्यात राहणाऱ्या एका जिवाणूकडे पेनिसिलिन नष्ट करणारे विकर आहे. त्याचे नाव पेनिसिलिनेज. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेची बांधणी रोखते आणि पेशी फुटते, हे आज आपण जाणतो. हे विकर पेनिसिलिनच्या रेणूतील एक कडे तोडते आणि औषध निकामी होते. कुलूप उघडण्यापूर्वीच किल्ली मोडून टाकावी, तसा हा प्रकार.

युद्धाच्या गरजेने अमेरिकेत पेनिसिलिनचे कारखाने उभे राहिले. पिओरिया येथे एका खरबुजावर सापडलेली बुरशी अधिक औषध देणारी निघाली. तिच्यावर क्ष-किरणांचा आणि अतिनील किरणांचा मारा करून, जास्त उत्पादन देणारे वाण निवडत निवडत उत्पन्न अनेक पटींनी वाढवले गेले. बदल घडवायचे आणि त्यांतील हवे तेवढेच राखायचे, हा उत्क्रांतीचाच मार्ग माणसाने बुरशीसाठी वापरला. हेच तत्त्व रुग्णालयांत जिवाणूंवर आपण नकळत चालवत आहोत, हे मात्र फारच थोड्यांच्या लक्षात आले.

मुळात जिवाणू काही शिकत नाहीत. त्यांच्या कोट्यवधींच्या संख्येत विभाजनाच्या वेळी अधूनमधून चुका होतात. बहुतेक चुका निरुपयोगी ठरतात, पण एखादी औषधापासून बचाव करणारी निघते. साल्व्हादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी १९४३ साली जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर प्रयोग करून दाखवले, की प्रतिकार करणारे जिवाणू हल्ला होण्याआधीपासूनच गर्दीत असतात. हल्ला फक्त बाकीच्यांना नाहीसे करतो. या दृष्टीने पाहता फ्लेमिंग यांच्या कथेतील जिवाणूंना औषधाची सवय लागते ही कल्पना अपुरी होती. इशारा अचूक होता. पण धोका त्यांनी सांगितला त्याहून मोठा होता. योग्य मात्रेत दिलेले औषधही विकरधारी जिवाणूंची निवड करीतच होते.

याचा पुरावा लवकरच मिळाला. लंडनच्याच हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये मेरी बार्बर या जिवाणुशास्त्रज्ञ रुग्णांमधील स्टॅफिलोकॉकसची पद्धतशीर तपासणी करीत होत्या. १९४६ साली तपासलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के जिवाणू पेनिसिलिनला दाद देत नव्हते. १९४७ साली हे प्रमाण ३८ टक्के झाले, तर १९४८ साली ५९ टक्के! एकेका रुग्णात जिवाणू बदलत होते असे नव्हे. पेनिसिलिनेज बनवणारे वाण रुग्णालयात माणसाकडून माणसाकडे पसरत होते. संवेदनशील जिवाणू औषधाने साफ केले आणि रिकाम्या जागेवर यांनी ठाण मांडले. हे विकर बनवण्याचा संकेत बहुधा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतो आणि जिवाणूंचे विषाणू तो एका जिवाणूतून दुसऱ्यात वाहून नेऊ शकतात, हे पुढे उलगडले.

दरम्यान फ्लेमिंग जगप्रसिद्ध झाले होते. १९४४ साली त्यांना सर हा किताब मिळाला, पुढच्या वर्षी फ्लोरी आणि चेन यांच्यासह नोबेल. वृत्तपत्रांनी सारे श्रेय त्यांच्याच पदरात टाकले आणि ऑक्सफर्डचा चमू काहीसा झाकोळला. फ्लेमिंग स्वतः, पेनिसिलिन निसर्गानेच बनवले, आपल्याला ते केवळ सापडले, असे सांगत. १९४६ साली त्यांनी पेनिसिलिनच्या प्रत्यक्ष वापरावर डॉक्टरांसाठी एक ग्रंथ संपादित केला. १९४७ साली ब्रिटनमध्ये कायदा होऊन डॉक्टरांच्या चिठ्ठीविना पेनिसिलिन विकण्यास बंदी आली. फ्लेमिंग यांच्या कथेतील गृहस्थाचा मार्ग निदान तेथे तरी कायद्याने रोखला गेला.

१९४९ साली त्यांच्या पत्नी सारा यांचे निधन झाले. या आघाताने ते अधिकच अबोल झाले. १९५३ मध्ये त्यांनी त्यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या ग्रीक संशोधक अमालिया कुत्सुरी-वुरेका यांच्याशी विवाह केला. ११ मार्च १९५५ रोजी लंडनमधील राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या. तोवर अनेक देशांच्या रुग्णालयांत पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस नित्याचे झाले होते. आपला इशारा खरा ठरताना पाहण्याचे दुर्दैव त्यांच्या वाट्याला आले.

त्यानंतरची कहाणी त्याच वळणाने गेली. पेनिसिलिनेजने न तुटणारे मेथिसिलिन हे औषध निघाले. १९६१ सालीच ब्रिटनमध्ये त्यालाही पुरून उरणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची नोंद झाली. हे जिवाणू औषध तोडत नाहीत, तर औषध ज्यावर घाव घालते त्या प्रथिनाऐवजी दुसरेच वापरतात. २०१७ साली जुन्या नमुन्यांच्या जनुकीय अभ्यासातून दिसले, की हा गुण त्यांनी १९४० च्या दशकाच्या मध्यावरच, मेथिसिलिन जन्मण्याआधी, मिळवला होता. पेनिसिलिनच्या वापरानेच त्यांना पुढच्या औषधासाठी सज्ज केले होते! २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या जिवाणूंचा आणखी एक प्रकार युरोपातील साळूसारख्या काटेरी प्राण्यांवर, म्हणजे हेजहॉगवर, एकोणिसाव्या शतकापासूनच आहे. कारण त्या प्राण्यांच्या त्वचेवरील बुरशी स्वतःच पेनिसिलिनसारखे द्रव्य बनवते. बुरशी आणि जिवाणू यांचे हे वैर फ्लेमिंग यांच्या बशीपेक्षा फार जुने आहे. कॅनडाच्या गोठलेल्या, ३० हजार वर्षे जुन्या मातीतही प्रतिकाराची जनुके सापडली आहेत. आणि न्यूमोनियाच्या जिवाणूंनी पेनिसिलिनवर मात केली, ती आसपासच्या इतर जिवाणूंच्या डीएनएचे तुकडे उचलून. हाच तो ग्रिफिथ यांनी १९२८ साली पाहिलेला मार्ग.

भारतात पेनिसिलिनचे उत्पादन व्हावे म्हणून पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. दुर्मीळ औषध सामान्यांच्या आवाक्यात आले. पुढे ते इतके आवाक्यात आले, की दुकानात नाव सांगून गोळ्या घेण्याची सवय घरोघरी रुजली. २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीवर एच-१ परिशिष्टाखाली अधिक कडक नियम लागू झाले. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या फ्लेमिंग यांना निवडून पेरण्याचा अर्थ परका नसावा. जे बियाणे शेतात टिकते, त्याचेच पीक पुढे येते. औषधाच्या प्रत्येक मात्रेने माणूस जिवाणूंचे असेच पीक निवडत असतो. फ्लेमिंग यांनी जगाला पेनिसिलिन दिले, त्याबद्दल जग त्यांचे ऋणी आहे. त्यांनी दिलेला इशाराही त्याच देणगीचा भाग होता. तो मात्र जगाने अजून पुरता स्वीकारलेला नाही.